आईच्या प्लेटलेट सहा लाख आणि पायात गुठळी: वाढल्या तर चांगलंच म्हणतात, मग हे काय?

आर्वीचा संत्रावाला

नमस्कार मंडळी. २००४ मध्ये बीएस्सी केमिस्ट्री केली, त्यानंतर संत्रा, कपाशी आणि तूर. म्हणजे अर्धवट समजते, आणि त्याचाच त्रास जास्त.

माय ६३ वर्षांची. दिवाळीनंतर पोट फुगायला लागलं. आम्ही गॅस समजून ओवा अन् काळं मीठ देत बसलो. शेवटी नागपूरला नेलं तर अंडाशयाचा कॅन्सर निघाला. पहिल्याच रिपोर्टात प्लेटलेट ६,१२,०००. दोन वर्षांआधी आमच्या गावात डेंग्यूनं घरोघरी माणसं पाडली होती. तेव्हापासून शेंबड्या पोट्ट्यालाही प्लेटलेट पाठ आहे. शेजारची काकू रिपोर्ट ऐकून माझ्या बायकोला म्हणाली, "सहा लाख! माह्या पोराच्या तं अठरा हजारावर आल्या होत्या वं. तुह्या सासूले काई होत नाई." त्या दिवशी घरात जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन आठवड्यांनी डावा पाय सुजला. बोट दाबलं की खळगा पडे. चुलतभाऊ म्हणे, बंडीतून उतरताना लचकला असेल. हळद-चुना लावण्यात दोन दिवस गेले. सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरमुळे रक्त गोठतं," आणि पुढचा नंबर पुकारला. बाहेर दीडशे लोक होते, त्यांना काय बोलणार.

कॅन्सर पोटात, गुठळी पायात. यांचं नातं काय? आणि प्लेटलेट जास्त असणं चांगलं की वाईट? इलाज विचारून नाही राहिलो, तो सुरू आहे. मला समजून घ्यायचं आहे.

धामणगावकर

समजायचं ते समजा, पण पपईच्या पानाचा रस देऊ नका. प्लेटलेट शब्द ऐकला की आमच्याकडे पपईचं झाड ओरबाडतात. माझ्या सासऱ्याला बायपासनंतर पाजला होता शेजाऱ्यानं.

लॅबवाला, मोर्शी

दादा, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं काचेवर रक्त पसरवून पाहून राहिलो, तेवढ्याच हक्कानं सांगतो.

प्लेटलेट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली रक्तपट्टिका. हिला केंद्रक नाही, आयुष्य सात ते दहा दिवस. नॉर्मल आकडा दीड ते साडेचार लाख. डेंग्यूनं लोकांना आकडा शिकवला, पण खरा खेळ तिच्या अंगावरच्या प्रथिनांचा आहे. धुऱ्यावरून चालताना धोतराला कुसळं लागतात, गुळगुळीत नायलॉनच्या लुगड्याला फारशी लागत नाहीत. म्हणजे कुसळाला टोक पाहिजे आणि समोर तसं कापडही पाहिजे. धडधाकट शिरेचं अस्तर नायलॉनसारखं असते. शीर फाटली की खालचं कोलॅजन उघडं पडते, त्यावर रक्तातलं व्हॉन विलेब्रांड नावाचं लांबलचक प्रथिन चिकटते, आणि प्लेटलेट आपल्या जीपी वन-बी नावाच्या टोकानं त्याला धरते. मग ती जागी होते आणि तिचं दुसरं टोक उघडते, जीपी टूबी-थ्रीए. एकेका प्लेटलेटवर ही सुमारे ८०,००० असतात. फायब्रिनोजेन म्हणजे रक्त गोठवणारं, रक्तात विरघळलेलं प्रथिन. त्याचा एक हात हिच्या टोकात, दुसरा शेजारणीच्या टोकात, असा ढीग जमतो. झोपलेल्या प्लेटलेटवर हे टोक मिटलेलं असते, म्हणून तर आपण जिवंत आहोत.

हे टोक मी पहिल्यांदा "पाहिलं" ते एका रिटायर गुरुजींमुळे. मशीननं आकडा दिला ३२,०००. घरच्यांनी अमरावतीला न्यायला गाडी सांगून ठेवली, सुनेनं रडायला सुरुवात केली. गुरुजी मात्र बाकावर पेपर वाचत बसलेले. अंगावर एक निळा डाग नाही. मला काही पटेना. काच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली तर पसरलेल्या रक्ताच्या शेपटाकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस, द्राक्षाच्या झुपक्यासारखे. मशीनला तो अख्खा झुपका प्लेटलेट वाटतच नाही. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं: २,१०,०००. झालं असं की जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते, ते कॅल्शियम ओढून घेते. त्यानं टूबी-थ्रीएचा आकार बिघडतो, आतला लपलेला भाग उघडा पडतो, आणि काही माणसांच्या रक्तात नेमक्या त्या भागाला धरणाऱ्या अँटिबॉडी असतात. सगळं ट्यूबमध्ये घडते, अंगात काहीच नाही. गाडीवाल्यानं तरी पाचशे रुपये घेतलेच.

याच्या उलट एक पोरगी. आई-बाप मामे-आते भावंडं. लहानपणापासून नाकातून रक्त, पाळी आली की पंधरा-पंधरा दिवस जायचं. आकडा २,६०,०००, सगळे म्हणत रिपोर्ट नॉर्मल आहे. बोटाला टोचून थेट काचेवर घेतलं, त्यात प्लेटलेट एकमेकींपासून फटकून, सुट्या सुट्या. अशा थेंबात त्यांचे थोडेफार झुपके दिसायलाच पाहिजेत. मोठ्या लॅबला पाठवली तेव्हा ग्लान्झमन निघाला. स्वित्झर्लंडच्या बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमननं १९१८ मध्ये वर्णन केलेला आजार, त्यात हेच टूबी-थ्रीए नसते किंवा बिघडलेलं असते. आकडा भरपूर, पण चिकटणार कशानं?

आता तुमच्या मायकडे येतो. अंडाशयाच्या ट्यूमरमधून इंटरल्युकिन-६ नावाचं निरोप्या प्रथिन सुटते. त्यामुळे यकृत थ्रोम्बोपोएटिन, म्हणजे प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक, जास्त बनवते, आणि अस्थिमज्जेला हुकूम जातो की माल वाढवा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवलं. त्यांच्या ६१९ पेशंटपैकी १९२ जणींच्या प्लेटलेट निदानाच्या वेळीच साडेचार लाखांच्या वर होत्या. तेव्हा काकूंना सांगा, तो आकडा तब्येतीचा नव्हता, आजाराचा होता. केमोआधी गुठळीचा धोका मोजायची २००८ ची खोराना नावाची गुणपद्धत आहे. तिच्यात साडेतीन लाख किंवा वर प्लेटलेट असल्या की धोक्याचा एक गुण लागतो.

पोटातून पायात कसं, तर गाठ पोटात असली तरी रक्त एकच. कॅन्सरच्या पेशी टिश्यू फॅक्टर नावाचं, गोठणं सुरू करणारं प्रथिन रक्तात सोडतात, त्यानं थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम बनते, प्लेटलेट कुठे जखम नसतानाही जाग्या होतात. मांडीच्या शिरेत रक्त मुळात सावकाश चालते, त्यात माणूस पडून. पाट जिथे संथ तिथेच गाळ बसते. पॅरिसच्या ट्रूसो नावाच्या डॉक्टरनं १८६५ मध्येच शिकवलं होतं की अशा गुठळ्यांच्या मागे लपलेला कॅन्सर असू शकते. पुढे स्वतःच्या शिरेत गुठळी दिसली तेव्हा त्यानं आपलं निदान आपणच केलं. १८६७ मध्ये पोटाच्या कॅन्सरनं गेला.

डीफार्म पोट्टा

काका, मग कॅन्सरवाल्यांना प्लेटलेटचं ते टोक बंद करायची गोळी काहून नाही देत? प्लेटलेट कॅन्सर पसरायलाही मदत करतात म्हणे, मग तो फैलावही थांबेल ना?

सर्पमित्र, पांढरकवडा

टोक बंद करणारं औषध आहे बावा, आणि ते आपल्या ओळखीच्या माणसाकडून आलं आहे. फुरसं! अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज काढते ते. त्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं इवलंसं प्रथिन आहे. ते टूबी-थ्रीएच्या खाचेत फायब्रिनोजेनच्या जागी जाऊन बसते. त्याचा साचा पाहून टायरोफिबान बनवलं, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हृदयाच्या पेशंटला शिरेतून देतात. फुरसं चावल्यावर रक्त वाहते ते यामुळेच, असं मी प्रत्येक शाळेत सांगतो.

लॅबवाला, मोर्शी

बाकी सगळं बरोबर, शेवटचं वाक्य शाळेत सांगू नका भाऊ. चावल्यावर रक्त न थांबायचं मुख्य कारण वेगळं आहे. विष रक्तातलं फायब्रिनोजेन गोठवून गोठवून संपवून टाकते. म्हणून तर आपण २ मिली रक्त साध्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग तिरपं करून पाहतो. फायब्रिनोजेन संपलं असेल तर ते पाण्यासारखं वाहते.

पोट्ट्या, तुझा प्रश्न चांगला आहे. उंदरांवर हे १९६८ मध्येच पाहिलं गेलं, प्लेटलेट कमी केल्या तर फैलाव कमी झाला. काही कॅन्सर पेशींच्या अंगावर पोडोप्लॅनिन नावाचं प्रथिन असते. आपल्या भागात खर्र्यानं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्येही ते सापडते. त्याला प्लेटलेटवरचं क्लेक-टू नावाचं वेगळंच टोक धरते. जाग्या झालेल्या प्लेटलेटच्या पोटातून पी-सिलेक्टिन वर येते, तेही कॅन्सर पेशीला पकडते. अशी प्लेटलेटची गोधडी पांघरली की शरीराच्या एनके पेशींना, म्हणजे कॅन्सर पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ती पेशी ओळखू येत नाही. पण टूबी-थ्रीए महिनोन्महिने बंद ठेवायचं म्हणजे माणसाचा ग्लान्झमन करायचा. त्यात केमोनं प्लेटलेट आधीच खाली येतात. मेंदूत रक्तस्राव झाला तर फैलाव थांबवून काय उपयोग? आणि ज्या कॅन्सरमध्ये क्लेक-टूची गाठ पडते, तिथे टूबी-थ्रीए बंद करून ती सुटत नाही, ते टोकच वेगळं.

आर्वीचा संत्रावाला

काका, तुमचं सगळं मायला वाचून दाखवलं. ती म्हणे, "म्हंजे माह्या रक्तात कुसळं झाले म्हन." केमोचे दोन डोस झाले, प्लेटलेट ३,४०,००० वर आल्या. काकू विचारायला आली होती. कमी झाल्या ऐकून हळहळली. मी काही समजवायच्या फंदात पडलो नाही.

एक राहिलंच. गुठळीसाठी पोटात इंजेक्शन देतो, बायको शिकली आहे. पण टोचल्या जागी निळे डाग पडून राहिले, त्यामुळे ती आता सुई धरायला भिते. मंगळवारी डॉक्टरांना विचारीनच, तोवर काय करू?

लॅबवाला, मोर्शी

लहान निळे डाग त्या इंजेक्शननं पडतातच, वहिनींचा हात वाईट नाही. बेंबीपासून चार बोटं दूर, रोज बाजू बदलून, आणि टोचल्यावर चोळायचं नाही. आपल्या बायांना चोळायची सवय असते. डोस स्वतःच्या मनानं बंद करू नका. डाग पसरत चालला, संडास डांबरासारखी काळी झाली, हिरड्यातून रक्त आलं, किंवा एकाएकी दम लागला, तर मंगळवारची वाट न पाहता निघा, रात्र असली तरी.