सेंट मार्टिन बेटाची वाटणी खरंच चालण्याच्या शर्यतीवर झाली का?

भूगोलाच्या_बाई:
आठवीच्या वर्गात कॅरिबियनचा नकाशा लावला होता. हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक एकाच बेटावर आहेत हे सांगून झालं, तेवढ्यात एका मुलीने पूर्वेकडच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं, "बाई, हे तर केवढंसं! ह्याच्यातही वाटणी?" सेंट मार्टिन, जेमतेम ८७ चौरस किलोमीटर. उत्तर फ्रेंचांकडे, दक्षिण डचांकडे. म्हणे एक फ्रेंच आणि एक डच माणूस विरुद्ध दिशांना किनाऱ्याने चालत सुटले, डच माणसाला जिन चढली आणि तो मागे पडला. हे मुलांना सांगू का? कुणी तिथे गेलंय का?

शिरोड्याचा_दर्यावर्दी:
बाई, मी क्रूझच्या बोटीवर गॅलीत होतो. डच बाजूच्या फिलिप्सबर्ग बंदराला बोट लागली की चार-पाच तास सुट्टी मिळायची. शर्यतीची गोष्ट तिथले टॅक्सीवालेही सांगतात, पण ती दंतकथा आहे. खरा आहे तो २३ मार्च १६४८ चा तह.

तुम्ही मुलांना मिठाचं सांगा. फिलिप्सबर्गच्या बाजारपेठेमागे मोठं मिठाचं तळं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थांबलोच, आमच्या शिरोड्याची मिठागरं आठवली. डच या बेटावर आले ते मिठासाठी. हेरिंग मासा खारवायला त्यांना मीठ लागायचं आणि स्पेनशी युद्ध चालू असल्यामुळे नेहमीची वाट बंद झाली होती. १६३३ मध्ये स्पॅनिशांनी त्यांना हाकललं. १६४४ मध्ये बेट परत घ्यायला आलेल्या स्टायव्हेसंटचा पाय तोफगोळ्याने गेला. पुढे न्यूयॉर्कच्या जागी असलेल्या डच वसाहतीचा कारभार पाहणारा तोच हा. स्पॅनिश १६४८ मध्ये आपणहून निघून गेले, तेव्हा कुठे वाटणी झाली. फ्रेंचांना ५३ चौरस किलोमीटर मिळाले, डचांना ३४. पण मोठं तळं डचांकडेच राहिलं.

सीमेवर चौकी नाही. फ्रेंच बाजूच्या मारिगो शहराला जाणाऱ्या मिनीबसमधून एक स्तंभ दिसतो, १९४८ साली तहाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा. तो मागे पडला की पाट्या फ्रेंचमध्ये. विजेचा दाबसुद्धा बदलतो, दक्षिणेला ११० व्होल्ट, उत्तरेला २२०. या बाजूने त्या बाजूला फोन लावायचा तर परदेशाचा कोड.

नकाशावेडा:
एक दुरुस्ती. हे दोन स्वतंत्र देश नाहीत. उत्तर भाग फ्रान्सचाच, म्हणून युरोपीय संघातही येतो. दक्षिणेचा सिंट मार्टेन १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सच्या राज्यातला स्वायत्त घटक आहे, तो संघाबाहेर. आणि पूर्वेला ऑयस्टर पाँडजवळची रेषा तर २०२३ मध्ये पक्की झाली!

भूगोलाच्या_बाई:
दर्यावर्दी, मीठ काढायचं कोण?

शिरोड्याचा_दर्यावर्दी:
गुलाम, बाई. आफ्रिकेतून आणलेले. कोरड्या दिवसांत पाणी आटून मिठाचा थर धरला की खारात उभं राहून तो फोडायचा आणि सपाट बुडाच्या होड्यांत भरायचा. आमचे आजोबा आगरात राबायचे, संध्याकाळी टाचांच्या भेगांना खोबरेल लावत बसायचे. पण ते मजुरी घेऊन घरी येत. इथे घरी जायची सोयच नव्हती.

म्हणून ती दारूची गोष्ट मला आवडत नाही. सीमेचा खरा अर्थ कळला तो या माणसांना. फ्रान्सने १८४८ मध्ये गुलामगिरी बंद केली, डचांच्या कायद्यात ती १ जुलै १८६३ पर्यंत राहिली. त्याच १८४८ मध्ये डच बाजूच्या डायमंड मळ्यातले २६ जण डोंगर ओलांडून फ्रेंच हद्दीत पळाले. पलीकडे पाय पडला की माणूस मोकळा. तुमच्या त्या मुलीला हे नक्की सांगा.

आता तळ्याचा बराच भाग बुजवलाय, मधोमध शहराचा कचरा टाकतात. जवळच्या चौकात मीठ वेचणाऱ्यांचे पुतळे आहेत. माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, रविवारी शोधून इथे टाकतो.