कॉलेजने नवीन हॉस्टेल बांधावं की नाही?

मूळ मुद्दा

आमच्या कॉलेजने मैदानालगतच्या जागेत मुलींसाठी हॉस्टेल बांधायचं ठरवलंय. माजी विद्यार्थ्यांकडे मत आणि देणगी दोन्ही मागितली आहे. माझं मत स्पष्ट आहे: बांधाच.

2011 साली चांगले मार्क पडूनही माझं पुण्याला येणं अडलं होतं. फीचं कसंबसं जमलं होतं, पण "राहणार कुठे?" या आईच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार लोखंडी कॉट, खाली ट्रंका, वर दोरीवर कपडे. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत, पाणी वह्यांवर ठिबकायचं. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून दुपारच्याच दोन पोळ्या डब्यात राखून ठेवायच्या. फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, मालकांनी खोली रिकामी करायला सांगितली. माझी एक रूममेट तेव्हा गावी गेली ती परत आलीच नाही. आमच्यात सगळ्यात हुशार तीच होती.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, तरी माझा विरोध आहे. मी याच मैदानावर खो-खो खेळून मोठा झालो. पेठांमध्ये मोकळी जमीन उरलीय कुठे? एकदा तिथे पाया खणला की मैदान गेलं ते गेलंच. शिवाय इमारत उभी राहीपर्यंत आज एफवायला असलेल्या मुली पदवी घेऊन बाहेर पडतील, आणि कर्जाचे हप्ते पुढच्या मुलींच्या फीतून जातील. त्यापेक्षा कॉलेजने सोसायट्यांमध्ये फ्लॅट भाड्याने घ्यावेत. 2024 पासून मेट्रो वनाझहून थेट रामवाडीपर्यंत जाते, जवळच राहायला हवं असं कुठे आहे? नाहीतर सरकारच्या स्वाधार योजनेसारखे पैसे थेट मुलींच्या खात्यात द्यावेत.

उत्तर (धागाकर्ती)

दादा, स्वाधारचाच हिशोब करू. पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये. त्यात जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. एवढ्यात पेठेत कॉट शोधून दाखवा. आणि ती योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाकीच्या मुलींनी काय करायचं? भाड्याच्या फ्लॅटचं म्हणाल, तर अकरा महिन्यांचा करार संपला की मुली पुन्हा रस्त्यावर. मी त्यातून गेले आहे.

शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर आधी त्याच्या निवाऱ्याची सोय हवी, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं एका हॉस्टेलची रेक्टर होते. हॉस्टेल बांधावं याच मताची मी आहे, पण बांधण्यापेक्षा चालवणं अवघड असतं हे सांगायला हवं. रात्री दोनला एखादी मुलगी तापाने फणफणली की रिक्षा आणण्यापासून सगळं रेक्टरलाच बघावं लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं. देणगीदार इमारतीला नाव द्यायला पुढे येतात, स्वयंपाकिणीच्या पगाराला कुणी येत नाही. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ही वसतिगृहं चालवणारी संस्था पुण्यातच आहे. मुलांना तिथे कामाची सवय लावतात, समाजाची मदतही मिळवतात. कॉलेजने आधी तिथे जाऊन ते बघून यावं.

आणखी एक. प्रवेश मार्कांवर देऊ नका. घरची परिस्थिती बघून द्या. नाहीतर क्लास लावू शकणाऱ्यांच्या मुलीच तिथेही पुढे राहतील.

उत्तर (धागाकर्ती)

मॅडम, प्रवेशाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. देणगीच्या पत्रात ती अटच घालते.

मैदानाबद्दल दादांचं म्हणणंही मला खोटं वाटत नाही. मुलींनाही खेळायला जागा हवीच. पण मागच्या गेटजवळ गाड्यांचं पार्किंग आहे, तिथे खाली पार्किंग ठेवून वर मजले चढवता येतील का, हे कॉलेजला विचारायला हवं.

प्रतिसाद १

पार्किंगवर बांधणार असतील तर माझा मैदानाचा आक्षेप मागे घेतो. कर्जाचा घेत नाही. हप्ते फीतून वसूल करणार नाही, असं कॉलेजने लेखी दिलं तरच मी पैसे देईन.