मदत हवी आहे: नर्सिंग, मग मेडिकल कोडिंग, आता पुन्हा बदल करावा का? (एकल पालक)

नमस्कार. मी प्रशिक्षित नर्स आहे, मुलीला एकटीने वाढवते आहे आणि पुन्हा एकदा काम बदलायच्या बेतात आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात कमावणारी मी एकटीच. महिन्याभरात निर्णय घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात अतिदक्षता विभागात केली. मुलगी लहान असताना आई माझ्याकडे राहायची, त्यामुळे नाइट निभावल्या. आई गेल्यावर रात्री मुलीजवळ कोण थांबणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हणजे २अ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. हे मला आधीही माहीत होतं. पण आपल्यामागे लेकराला दुसरं कोणी नाही हे कळलं, की अशी ओळ वाचून पान उलटता येत नाही.

मग ओपीडी. दिवसाची ड्युटी, सुट्टी ठरलेली. नाइटचा भत्ता गेला, पगार खाली आला. ओपीडीची वेळ संपते ती कागदावर. शेवटचा पेशंट आत असेपर्यंत सिस्टर हलू शकत नाही. शाळा सुटायची आणि मी तिथेच.

त्यानंतर घरून मेडिकल कोडिंग, आजही तेच करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉक्टरांच्या नोंदी आणि डिस्चार्ज समरी वाचून प्रत्येक निदानाला आयसीडीचा (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) कोड लावायचा. टाइप २ मधुमेह म्हणजे ई११, दमा जे४५, कोपर ते मनगट यातलं हाड मोडलं तर एस५२. मूत्रपिंडाचा त्रास मधुमेहामुळे आहे की वेगळा, यावरही कोड बदलतो. वॉर्डात राबलेल्या माणसाला त्या नोंदी वाचताना पेशंट डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी यात लवकर रुळले. मुलगी आजारी पडली तर तिच्या उशाशी बसूनही काम होतं. या कामाने आम्हा दोघींना खूप दिलं आहे.

पण आता सॉफ्टवेअर स्वतःच नोंदी वाचून कोड सुचवतं. साध्या केसेस आमच्यापर्यंत येणं कमी झालं आहे. येतात त्या गुंतागुंतीच्या, आणि रोजचं टार्गेट मात्र पूर्वीइतकंच. टीममध्ये नवी भरती थांबली आहे. त्यात आयसीडी-११, म्हणजे त्या यादीची नवी आवृत्ती, १ जानेवारी २०२२ पासूनच अमलात आली आहे. एकेक देश तिकडे वळेल तसं आम्हाला नव्याने शिकावं लागेल. शिकायची मला भीती नाही. शिकून होईपर्यंत जागाच उरली नाही तर काय, ही आहे.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, कोडिंगमध्येच ऑडिटर होणं: इतरांचं काम तपासायचं, परीक्षा द्यावी लागेल, घरूनच काम. दुसरी, डायलिसिस युनिटमध्ये नर्स म्हणून परत जाणं. नर्सिंगची नोंदणी मी चालू ठेवली आहे. साधारण चार तासांचं एक सेशन, बहुतेक पेशंट आठवड्यातून तीनदा, त्यांचे वार ठरलेले. म्हणजे ड्युटी-चार्ट आधी कळतो. पगार ऑडिटरपेक्षा सुरुवातीला कमी, पण सुई लावणारा हात सॉफ्टवेअर घेणार नाही.

मध्यंतरी क्लॉडिया गोल्डिन यांच्याबद्दल वाचलं (२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). लॉरेन्स कॅट्झ यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टचा अभ्यास केला. तिथे एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, म्हणून कमी तास काम करणाऱ्या बाईला तासामागे फारसं नुकसान सोसावं लागत नाही. तेव्हापासून मी नोकरी बघताना हेच विचारते: शाळेतून फोन आला तर माझं काम त्या क्षणी कोण हातात घेईल? ओपीडीत कोणीच नव्हतं. कोडिंगमध्ये गरजच पडली नाही. डायलिसिसमध्ये काय होतं?

मोठ्या खंडानंतर पेशंटजवळ परतलेल्यांनी अनुभव सांगावा. ऑडिटरनीही खरं सांगावं, तुमचं काम किती टिकेल असं वाटतं? 'मुलीसाठी सध्या नोकरी सोड' हा सल्ला कृपया नको, तो पर्याय नाही.

प्रतिसाद
ताई, मी डायलिसिसमध्येच आहे. चार्ट ठरलेला असतो हे खरं. पण पहिल्या पाळीचे पेशंट भल्या सकाळी लावतात, आणि त्याआधी मशीन, पाणी, सगळं तपासून ठेवायचं असतं. एका सेशनला साधारण १२० लिटर डायलिसेट (रक्त शुद्ध करायला मशीनमधून फिरणारं पाण्यातलं द्रावण) लागतं, पाण्यात गडबड चालत नाही. म्हणजे मुलगी शाळेला निघायच्या आधी तुम्ही घराबाहेर. तिचं सकाळचं कोण बघणार, ते आधी ठरवा. दुपारीही कोणाचं बीपी उतरलं किंवा सुई काढल्यावर रक्त थांबेना, की थांबावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदली मिळते. एका हॉलमध्ये आम्ही बरोबर असतो, शेजारची सिस्टर माझे पेशंट बघते. रुग्णालयातल्या युनिटला इमर्जन्सीसाठी ऑन-कॉल असतो, स्वतंत्र केंद्रात बहुधा नसतो. खंडाचं म्हणाल तर आयसीयू केलेल्यांचा हात लवकर बसतो. हिपॅटायटिस बी चं लसीकरण पूर्ण आहे ना, तेही बघा.

प्रतिसाद
मी ऑडिटर आहे. सॉफ्टवेअरने सुचवलेला कोड चुकला तर विम्याचा क्लेम परत येतो, म्हणून तपासणारा माणूस लागतोच. पण किती माणसं लागतील, याची हमी मी देणार नाही. नर्सिंग केलेला ऑडिटर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारू शकतो, ही तुमची जमेची बाजू. घरून असलं तरी महिनाअखेर सुट्टी मागू नका. माझं मत विचाराल तर आत्ता नोकरीत असतानाच परीक्षा देऊन टाका, मग डायलिसिसकडे गेलात तरी ती वाया जात नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सकाळच्या वेळेचा मी विचारच केला नव्हता, आणि माझ्यासाठी सगळं तिथेच अडतंय. मुलीला सकाळी एकटीला कुलूप लावून निघायला मी सांगणार नाही, निदान अजून काही वर्षं तरी नाही. परीक्षेचा अर्ज या आठवड्यात भरते. स्वतंत्र केंद्रात फोन करून पहिली पाळी किती वाजता आणि ऑन-कॉल कोणाला, हेही विचारते. डायलिसिसमध्ये कायम उशिराची पाळी मागून कोणाला मिळाली आहे का? मिळाली असेल तर मुलाखतीतच मागितली की रुजू झाल्यावर, तेवढं सांगा.