फिगर फोर डेडफॉल : एकतर आपोआप पडतो नाहीतर पडतच नाही

काडीतासू :
मंडळी, फिगर फोर डेडफॉल करून बघतोय, म्हणजे इंग्रजी 4 सारख्या जुळवलेल्या काड्यांवर दगड तोलायचा, आमिषाला धक्का लागला की तो पडतो असा सापळा; हत्यारं म्हणजे एक चाकू आणि छोटी घडीची करवत, बस. तीन काड्या (उभी, तिरकी आणि आमिषाची आडवी) तासल्या, खाचा पाडल्या, चपटा दगड टेकवला की एकतर हात काढायच्या आत धाडकन खाली नाहीतर आमिषाच्या काडीला कितीही ढोसा, ढिम्म. दगड अजून जड घेऊ का? की लाकूड चुकतंय, ओलं आहे, आत्ताच तोडलेलं. शिकारबिकार करायची नाहीये, फक्त जमत नाही म्हणून डोक्यात बसलंय.

रानोमाळ :
दगडाचा काही दोष नाही, जड घेतलास तर खाच उलट आणखी आवळून बसेल. आधी जोर कुठून कुठे जातो ते बघ. दगड तिरक्या काडीचं वरचं टोक दाबतो, ती उभीच्या डोक्यावर तरफेसारखी फिरते आणि तिचं खालचं टोक बाहेर उसळायला बघतं, त्याला धरून ठेवते आमिषाची आडवी काडी आणि आडवीला अडवते उभीची कड. म्हणजे सगळा खेळ त्या एका कडेवर. उभी काडी गोलच ठेवलीस तर कड येणार कुठून, सटकणारच. तिथे दोन बाजू सपाट तासून कोपरा काटकोनात काढ. आणि ढिम्म राहतो तेव्हा आडवीची मधली खाच खोल झालेली असते, कोपरा जेमतेम टेकला पाहिजे, रुतायला नको.

खाच पाडताना आधी करवतीने आडवा काप दे, मग चाकूने त्या कापाकडे उतरत ये, म्हणजे लाकूड पुढे चिरत जात नाही. उभीचं डोकं छिन्नीसारखं चपटं ठेव, सुईसारखं केलंस की वजनाने चेपतं. ती मधली खाच सगळ्यात शेवटी, तिन्ही काड्या हातात जुळवून जिथे छेदतात तिथे खूण करून. लाकूड सुकं आणि कडक घे, ओलं तासायला बरं वाटतं पण वाकतं आणि वाळलं की खाचा बदलतात.

दोरीवाला :
एवढं तासत बसण्यापेक्षा पायूट डेडफॉल कर की राव. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पायूट लोकांच्या नावाने ओळखतात. तिरकीच्या खालच्या टोकाला दोरी, दोरीच्या टोकाला छोटी खिट्टी, ती उभीला अर्धा वेढा देऊन एका बारीक काडीने अडवायची, त्या काडीचं दुसरं टोक दगडाच्या पोटाला. नाजूक इतका की उंदराच्या धक्क्यानेही पडतो. दोरी नसेल तर मात्र फिगर फोरच.

काडीतासू :
कोपरा काटकोनात केला आणि उभा राहिला!! पायूट नंतर बघतो, आधी हा. पण आता पडला की उभी काडी खाली सापडते, मोडते, दगड अर्धवट टेकून राहतो.

सावकाश :
उभी काडी दगडाच्या कडेच्या बाहेर ठेव, आत नको. दगडाची कड फक्त तिरकीच्या टोकावर, मग पडताना काड्या बाहेर फेकल्या जातात. खाली माती भुसभुशीत असेल तर एक सपाट दगड अंथर, नाहीतर मार मातीतच जिरतो. वजनाचा ढोबळ हिशोब म्हणजे जनावराच्या पाचपट, पण तुला शिकार करायचीच नाहीये तर दगड कशाला, फळी घे, ट्रिगर, म्हणजे काड्यांची ही जुळणी, तसाच शिकता येतो.

आणि दगडच वापरायचा तर जुळवताना त्याच्याखाली एक जाड ओंडका आडवा सरकवून ठेव, सगळं बसलं की मग काढ. बोटं चेंगरली की कळतं हे खेळणं नाही. लावून ठेवून निघून जायचं तर अजिबात नाही, कुणाचं मांजर, कुत्र्याचं पिल्लू काहीही येऊ शकतं, आणि सापळे लावायला बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी आहे. सराव झाला की काड्या सुट्या करून खिशात टाक, खाचा चांगल्या असतील तर त्याच परत चालतात.