एक लाख माणसांतला आपला शनिवार: कॉलेज फुटबॉलचे अनुभव

सप्टेंबर लागला की आमच्या बेसमेंटमधून दोन खोकी वर येतात. एकात गणपतीचं मखर, दुसऱ्यात माझा मक्याच्या दाण्यासारखा पिवळा स्वेटर. मंडळाचा गणपती आणि मिशिगनची घरची मॅच एकाच शनिवारी आली की जो तंटा होतो, त्यावर वेगळा धागा निघेल. हा धागा फुटबॉलचा. म्हणजे अमेरिकन, आणि त्यातही कॉलेजचा. शिकायला म्हणून आलेली आपली बरीच मंडळी कुठल्या ना कुठल्या टीमच्या नादाला लागली आणि डिग्री घेऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी सुटलेली नाहीत. त्यांनी इथे लिहावं. एकच विनंती, जिंकलेल्या मॅचआधी हरलेली सांगा. सुरुवात मी करतो, कारण माझ्याइतकी वाईट सुरुवात कुणाची झाली असेल असं वाटत नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, एम. एस.ला आलो. सामान नीट लागलं नव्हतं तेवढ्यात नाशिकच्या सीनियर रूममेटने विद्यार्थ्यांचं तिकीट हातात ठेवलं. १ सप्टेंबर, समोर अ‍ॅपलाचियन स्टेट. 'कुठली तरी खालच्या फळीतली टीम आहे, दुपारी जेवायला परत येऊ,' म्हणाला. आम्ही देशाच्या क्रमवारीत पाचवे होतो.

मिशिगन स्टेडियम बाहेरून बघाल तर एवढं मोठं वाटतच नाही, कारण बरंचसं जमिनीच्या खाली आहे. दारातून आत गेलो आणि एकदम पायाखाली बारव उघडावी तशा पायऱ्याच पायऱ्या. १९२७ साली बांधलेलं, आजची क्षमता १,०७,६०१. खुर्च्या नाहीत, लांबच लांब बाकडी. दोघांच्या जागेत तिघं. मला खेळातलं शष्प कळत नव्हतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढंच रूममेटने कानात ओरडून सांगितलं होतं. पाय न लावता खेळतात त्याला फुटबॉल का म्हणतात, हे विचारल्यावर त्याने माझ्याकडे बघणं सोडलं.

शेवटी दोन गुणांनी मागे होतो. फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून घातला, की तीन गुण, की घरी. किक मारली आणि समोरच्या पोराने उडी मारून ती अडवली. ३४–३२. लाखावर माणसं गप्प कशी होतात ते मी त्या दिवशी ऐकलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. माझ्या नव्या टीशर्टवर मापाचं लांब स्टिकर तसंच होतं. ते त्याने नखाने सोलून काढलं, गोळी करून खिशात टाकलं आणि विचारलं, पहिलीच मॅच? मग पुढच्या शनिवारी ये.

गेलो. ओरेगॉनने ३९–७ ने धुतलं. म्हातारा होता.

तिथून पुढे मी कायमचा अडकलो. २०११ च्या सप्टेंबरात त्या स्टेडियमवरची पहिली रात्रीची मॅच, नोत्र दाम विद्यापीठाशी. तेव्हाचा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, डेनार्ड रॉबिन्सन बुटांच्या नाड्या न बांधता पळायचा. दोन सेकंद राहिले असताना त्याने टचडाऊनचा, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे झेलला जाणारा, पास टाकला, ३५–३१. घसा तीन दिवस बसला होता. २०१५ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध दहा सेकंद उरले होते, आम्ही पुढे, फक्त चेंडू लांब मारायचा होता. मी घरी दोन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचायला लागलो. आमच्या किक मारणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला, त्यांनी उचलला, पळाले, २७–२३. तेव्हापासून घड्याळात शून्य दिसेपर्यंत मी हसत नाही. ऑफिसमध्येसुद्धा.

आणि २७ नोव्हेंबर २०२१. ओहायो स्टेटला, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांना, २०११ नंतर हरवलंच नव्हतं. मुलगी आठ वर्षांची, पहिल्यांदाच मैदानात आलेली. बर्फ पडत होतं, दोन मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी आणि मग बूट असा तिचा थाट. हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, ४२–२७. सगळं पब्लिक मैदानावर उतरलं. मी म्हटलं आपण नको, चेंगरशील. ती म्हणाली, बाबा, तुम्ही इतकी वर्षं थांबलात ना? उतरलो. घरी आल्यावर बुटांतून कृत्रिम गवतातले काळे रबरी दाणे पडले. बायको झाडून टाकणार होती. ते आता फिल्टर कॉफीच्या रिकाम्या बाटलीत देवघराच्या खालच्या फळीवर आहेत. देवघरात नाहीत, हे इथे नमूद करतो.

चला, लिहा.

कोलंबसकरीण

२०२१ चं बर्फ अगदी साग्रसंगीत सांगितलंत. त्याआधीचा हिशेब मात्र एका वाक्यात उरकलात! २०१२ ते २०१९, सलग आठ आम्ही जिंकलो. २०२० ला कोविडमुळे मॅच रद्द झाली म्हणून, नाहीतर नऊ.

आमच्या गावात, म्हणजे ओहायो स्टेटच्या कोलंबसमध्ये, मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात 'एम' हे इंग्रजी अक्षर बंद असतं. कॅम्पसवरच्या पाट्यांवर प्रत्येक एमवर लाल टेपची फुली. एका वर्षी मुलांनी आमच्या मंडळाच्या इंग्रजी बॅनरवरचे सगळे एम फुल्या मारून टाकले. अध्यक्ष माइकवरून 'अहाराष्ट्र अंडळाच्या वतीने स्वागत' म्हणाले, आणि म्हातारी माणसं एकमेकांना विचारत होती की याला झालंय काय.

मी खरं तर बँडसाठी जाते. तो चालता चालता मैदानावर 'ओहायो' लिहितो, आणि शेवटी आय अक्षरावर टिंब द्यायला एक विद्यार्थी भलंमोठं पितळी वाद्य खांद्यावर घेऊन ऐटीत येतो, टोपी काढून दोन्ही बाजूंना वाकतो. खेळाचं मला काही वाटलं नाही तरी त्या टिंबाला डोळे भरतात. लग्नात मंगलाष्टकं संपताना भरतात तसे.

हरलेली? ३० नोव्हेंबर २०२४. आमचंच मैदान, तुमची टीम त्या वर्षी अगदी साधारण, वीसेक गुणांनी जिंकू असं जो तो म्हणत होता. १३–१० ने हरलो. वर तुमच्या पोरांनी आमच्या मैदानात झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. पुढे २० जानेवारीला नोत्र दामला ३४–२३ ने हरवून देशाचं विजेतेपद आम्हीच घेतलं. त्या रात्री माझ्या सख्ख्या भावाचा, तो तुमच्याकडचा, अभिनंदनाचा मेसेज आला. त्यात एवढंच होतं: १३–१०.

भाऊबीजेला त्याला ओवाळते अजून, पण ताटात लाल टेपची फुली असते.

बारावा गडी

टेक्सस ए अँड एम. आमच्याकडे विद्यार्थी अख्खी मॅच उभे राहून बघतात. १९२२ च्या जानेवारीत टीममधले खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले, तेव्हा ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली उतरला, खेळाडूचे कपडे चढवून बाजूला उभा राहिला. त्याला खेळावं लागलंच नाही. पण लागलं असतं तर तयार होता. म्हणून आम्ही सगळे अजून उभे. माझ्या आजीला ही गोष्ट फोनवर सांगितली तर म्हणाली, म्हणजे विठोबाच.

२४ नोव्हेंबर २०१८, समोर एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ. आम्ही हरलोच होतो. एकदा चेंडू त्यांच्या हाती गेला, त्यांच्या कोचच्या अंगावर विजयाचं सरबत ओतूनही झालं. मग पंचांनी रिप्ले बघून सांगितलं, आमच्या क्वार्टरबॅकचा गुडघा आधीच टेकला होता, तो डाव तिथेच मेला, खेळ चालू. कोच बिचारा ओल्या कपड्यांत उभा. शेवटच्या चेंडूवर आम्ही बरोबरी केली, ३१–३१. मग ओव्हरटाइम. एक, दोन, तीन... सात. ७४–७२ ने जिंकलो. बास्केटबॉलचा स्कोअर वाटेल.

पाचव्या ओव्हरटाइमनंतर माझे पाय गेले होते. शेजारी गणवेशातला कॅडेट होता, एकोणीस वर्षांचा असेल. त्याने माझ्याकडे न बघता कोपर पुढे केलं, मी धरलं. मॅच संपल्यावर 'हाउडी', म्हणजे आमच्याकडचा रामराम, करून गेला. नाव विचारायचं राहिलं. पुढे ओव्हरटाइमचे नियमच बदलले, आता एवढं लांबत नाही. पोरांच्या अंगाची चाळण होते हे खरंच आहे, तरी मला वाईट वाटलं.

शांत शनिवार

विरोधी सूर चालेल ना? मी अशाच एका मोठ्या कॉलेजात सहा वर्षं पीएच. डी. केली. शनिवारी लॅबला जायचा रस्ता बंद, पार्किंगमधून आमची हकालपट्टी, आणि माझ्या स्टायपेंडच्या शेकडो पट पगार कोचला. कितीतरी राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉलचा कोच. राज्यपालसुद्धा मागे. आणि ज्यांच्या जिवावर हे चालतं त्या पोरांना २०२१ च्या जुलैपर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायचीही मुभा नव्हती. यात श्रद्धा कसली?

मात्र कॅम्पस रिकामा असायचा आणि सगळ्यात महागडं मायक्रोस्कोप मोकळं मिळायचं. माझा प्रबंध फुटबॉलवरच झालाय म्हणा ना.

धागाकर्ता

शांत शनिवार, पगाराबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. माझ्याकडे उत्तर नाही. तिकीट मात्र काढलंय.

ऑबर्नचा

माझं दुःख लहान आहे आणि लाजिरवाणं आहे. ३० नोव्हेंबर २०१३, आमच्या ऑबर्नची मॅच अलाबामाशी, ते देशाच्या क्रमवारीत पहिले. २८–२८, एक सेकंद शिल्लक. ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारणार होते. एवढ्या लांबून कोण मारतंय, ओव्हरटाइमला जाणार, तर गर्दी व्हायच्या आधी टॉयलेटला जाऊन येऊ म्हणून मी उठलो.

किक तोकडी पडली, आमच्या क्रिस डेव्हिसने गोलखांबांखाली झेलली आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत नेली. ३४–२८. मला फक्त आवाज आला. भिंत हलते असं म्हणतात ना, माझ्यासमोरची टाइल्सची भिंत खरोखर हलली.

जिंकल्यावर गावातल्या टूमर्स कॉर्नर चौकात झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायची आमची रीत. त्या वर्षी तिथले जुने ओक नव्हते, कुणा माथेफिरूने विष घातल्यामुळे एप्रिलमध्ये तोडावे लागले होते. तारा ताणून ठेवल्या होत्या, त्यांवर फेकले. मित्रांनी माझ्याच हातात पहिली गुंडाळी दिली आणि म्हणाले, तुझाच मान.

सांगलीची लेक

आमची आयोवा टीम, देशाचं विजेतेपद वगैरे तर दूरच. २०१८ च्या शरदात आई आली होती, तिला घेऊन गेले. मैदानाला लागून लहान मुलांचं हॉस्पिटल आहे, उंच, काचेचं. पहिला क्वार्टर संपला की प्रेक्षक, खेळाडू, पाहुणी टीम, पंच, सगळे खेळ थांबवून त्या बाजूला वळतात आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांना हात करतात. २०१७ पासून सुरू झालंय.

आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. सत्तर हजार माणसं एकदम उलटी वळल्यावर ती घाबरली, म्हणाली, आग लागली काय गं? मग काचेमागे हलणारे छोटे हात दिसले. कुणीतरी टॉर्चही हलवत होतं. आईने शालीतून हात काढला. खेळ पुन्हा सुरू झाला, सगळे बसले, ही उभीच. मागच्याला दिसत नव्हतं, तरी तो काही बोलला नाही. 'ते अजून हात करतायत, मी कशी बसू?' म्हणाली.

स्कोअर मला आठवत नाही.

परत पुण्यात

मिशिगन, २०१२ ची बॅच. परत आल्याचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे शनिवार गेले. घरची दुपारची मॅच इथे रात्री साडेनऊला, घड्याळ बदललं की साडेदहाला सुरू होते. २ जानेवारी २०२४ ला पहाटे साडेतीनला रोझ बोल, म्हणजे देशाच्या विजेतेपदाची सेमीफायनल, समोर अलाबामा. कानात इअरफोन, खोलीत अंधार. ओव्हरटाइममध्ये त्यांचा शेवटचा प्रयत्न अडवला, २७–२०, तेव्हा बाहेर चांगलं उजाडलेलं. ओरडायचं नव्हतं म्हणून उशी चावली. आठवड्याने फायनल, वॉशिंग्टनला ३४–१३, आमचा पंधरापैकी पंधरावा विजय. ती सकाळी सहाला लागली. वडिलांनी शेजारी बसून चहा घेतला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये म्हणाले, हे सारखे थांबतात का? मी म्हटलं, बाबा, यातच तर मजा आहे. म्हणाले, मग टेस्ट मॅचला का नावं ठेवतोस?

नवी सून

मध्येच विचारते, माफ करा. नोव्हेंबरच्या शेवटी सासू-सासऱ्यांना अ‍ॅन आर्बरला मॅच दाखवायची आहे. थंडीचं काय करू? डबा नेता येईल का?

धागाकर्ता

पिशव्यांचे नियम कडक आहेत, त्यामुळे डबा गाडीपाशीच. पार्किंगमध्ये सगळे शेगड्या मांडून बसलेले असतात, तुम्ही वडापाव काढलात तर शेजारचे बार्बेक्यू सोडून येतील, जास्तीचे करा. सासूबाईंना साडीच नेसायची असेल तर आतून थर्मल, वरून लोकरी मोजे दोन जोड. बाकडी अ‍ॅल्युमिनियमची आहेत, पण खरी थंडी खालून, काँक्रीटमधून चढते. खोक्याचा जाड पुठ्ठा पायाखाली घ्या, प्रत्येकी एक. कुठलंही जाकीट तेवढं काम करत नाही. सासऱ्यांचा पुठ्ठा थोडा मोठा कापा, टचडाऊनला उभे राहिले की पुरुषमाणसं बरीच सरकतात.