कॉपी करताना एकाच नावाचे दोन फोटो आले तर विचारायचं कसं?

प्रश्न
मिरजेतल्या एका फोटो स्टुडिओसाठी छोटा प्रोग्रॅम लिहितोय. लग्नात दोन निकॉन कॅमेरे चालतात. रात्री दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये रिकामी होतात आणि डीएससी_०१२३ नावाचे दोन निराळे फोटो एकमेकांवर येतात. नावात आकडे चारच, ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून, म्हणजे एकाच कॅमेऱ्यातही हे होऊ शकतं. सध्या माझी चौकट विचारते, ‘फाइल आधीच आहे. बदलायची? हो / सर्वांना हो / नाही’. दिवसभर उभा राहिलेला पोरगा ‘सर्वांना हो’ दाबणारच. अक्षतांचा फोटो परत कुठून आणायचा? चौकटीत काय असावं?

उत्तर १
आधी प्रश्नच कमी करा. आकार वेगळा तर फाइल वेगळी. आकार सारखा असेल तरच एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून ताडा. तंतोतंत तीच निघाली तर न विचारता सोडा, शेवटच्या हिशोबात आकडा दाखवा.

‘नवी असेल ती ठेवा’ हा पर्याय इथे देऊच नका. दोन निराळ्या फोटोंत नवा-जुना हा प्रश्नच येत नाही.

विंडोज एक्सपीत ‘सर्वांना नाही’ असं बटणच नव्हतं. शिफ्ट धरून ‘नाही’ दाबलं की ते व्हायचं, पण हे किती जणांना ठाऊक होतं? ‘दोन्ही ठेवा’ त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टात आलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सगळे जुळे एका खिडकीत समोरासमोर दिसू लागले, प्रत्येकाला टिकचा चौकोन. तुम्हाला तेच हवंय. बिनभांडणाचे फोटो आधी उतरू द्या, प्रश्न शेवटी एकदाच विचारा.

आणि एंटर दाबल्यावर ‘दोन्ही ठेवा’ व्हायला हवं. विंडोजमध्ये बदललेली जुनी फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, तेव्हा ‘बदला’ निवडलं तरी जुनी आधी वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवा.

उत्तर २
मी अल्बम लावते. नुसत्या थंबनेलवर भागत नाही हो, सलग काढलेले फोटो अगदी सारखे दिसतात. खाली फोटो काढल्याची वेळ आणि कोणता कॅमेरा ते लिहा. ‘सोर्स’, ‘डेस्टिनेशन’ नको, ‘कार्डावरचा’ आणि ‘डिस्कवरचा’ म्हणा. आणि एक कळकळीने सांगते, रॉ आणि जेपीजीची (एकाच फोटोच्या कच्च्या आणि तयार फाइलची) जोडी फोडू नका. एकाचं नाव बदललं तर दुसऱ्याचंही तेच बदला, नाहीतर जोड्या जुळवण्यात आमची रात्र जाते.

प्रश्नकर्ता
जोडीचं डोक्यातच नव्हतं, ताई, आभार. आता चौकट अशी: ‘१४ फोटोंची नावं जुळतात, पण फोटो वेगळे आहेत. दोन्ही ठेवा / एकेक बघतो / कार्डावरचे उतरवू नका’. ‘मूव्ह’लाही हीच चालेल का?

उत्तर १
एक ओळ वाढवा. वेगळ्या डिस्कवर मूव्ह म्हणजे आधी कॉपी, मग मूळ पुसणं. वगळलेले फोटो कार्डावरच राहतात, तेव्हा शेवटी ठळक लिहा: ‘१४ फोटो अजून कार्डावर आहेत, फॉरमॅट करू नका’.

शिवाय निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत मेनूमधून नावातली ‘डीएससी’ ही तीन अक्षरं बदलता येतात. स्टुडिओवाल्यांना दोन्ही कॅमेऱ्यांना वेगळी अक्षरं द्यायला सांगा. दोन कॅमेऱ्यांतली टक्कर तिथेच मिटेल, ९९९९ नंतरची तेवढी तुमच्या चौकटीकडे राहील.