इंटरलॉक बायपासची किल्ली प्रॉडक्शनवाल्यांकडे नकोच

चिल्ड_ब्राइन
आमच्या पट्ट्यातले बरेच केमिकलचे बॅच प्लांट (एकेक घाणा करून माल बनवणारे) पाहिले. पॅनलवर इंटरलॉकच्या (धोका दिसला की काम आपोआप थांबवणारी सोय) बायपासची, म्हणजे ती सोय बंद ठेवायची किल्ली आणि ती फिरवायचा हक्क शिफ्ट इन्चार्जला. म्हणजे ज्याच्या मानगुटीवर बॅचचं टार्गेट, त्याच्याच हातात सेफ्टी बंद करायची सोय. ती काढून घ्या, असं माझं म्हणणं आहे.

नायट्रेशनचंच (नायट्रिक अॅसिड वापरून होणारी, भरपूर उष्णता सोडणारी रिअॅक्शन) घ्या. अॅजिटेटर (रिअॅक्टरमधलं ढवळायचं यंत्र) थांबला की अॅसिडचं डोझिंग (मोजून सोडणं) आपोआप बंद झालं पाहिजे, इतका साधा इंटरलॉक. तो बायपास असेल तर ढवळणं थांबलेलं आणि अॅसिड मात्र पडतंय. त्याचा वेगळा थर साचतो, रिअॅक्शन जवळजवळ होतच नाही, त्यामुळे तापमानही वाढत नाही. पॅनलवर सगळं आलबेल! मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि तो घाईघाईने अॅजिटेटर चालू करतो. साचलेलं सगळं एकदम रिअॅक्ट होतं. तेवढी उष्णता ओढायची ताकद जॅकेटमधल्या (रिअॅक्टरभोवतीच्या कवचातल्या) ब्राइनमध्ये (थंड खारट पाण्यात) नसते.

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ ला पेट्रोलची टाकी भरताना पातळी दाखवणाऱ्या गेजचा आकडा पहाटे तीनच्या सुमारास एका जागी अडकला. टाकी ओसंडली आणि सहाच्या सुमारास स्फोट. सेफ्टी निकामी असली की हे असं होतं.

शिफ्ट_बी
साफ असहमत. रात्री साडेतीनला आरटीडीचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) टर्मिनल सैल होतं, खोटा ट्रिप (इंटरलॉकने काम बंद पाडणं) येतो, बॅच अर्ध्यात अडकते. काही मास (रिअॅक्टरमधला माल) नुसते धरून ठेवले तरी हळूहळू डिकम्पोज होतात, म्हणजे थांबणंही सुरक्षित नाही. तेव्हा किल्ली कुणाकडे मागू, घरी झोपलेल्या सेफ्टी ऑफिसरकडे?

आणि बन्सफील्ड तुमच्याच विरोधात जातं. त्या टाकीचं गेज ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकलं होतं, तरी ते धड दुरुस्त झालं नाही. वर स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच (पातळी फार वाढली की भरणं थांबवणारा) होता. पण त्याचा टेस्ट लिव्हर जागेवर धरून ठेवणारं पॅडलॉकच बसवलं नव्हतं, म्हणून तो मेलेला. तिथे प्रॉडक्शनकडे जादा किल्ली नव्हती हो, कुलूपच नव्हतं. दोष मेंटेनन्सचा.

लूप_चेक
इन्स्ट्रुमेंटवाला बोलतोय. किल्लीवरून भांडताय, पण ती वापरतो कोण? फोन येतो, "भाऊ, जरा फोर्स करून दे ना." पीएलसीत (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) फोर्स मारला, म्हणजे खरा सिग्नल डावलून हवा तो ठरवून टाकला, की पॅनलवर दिवा लागत नाही, लॉगबुकात ओळ नाही, पुढच्या शिफ्टला पत्ता नाही. काही ठिकाणी तर सरळ जंपर (इंटरलॉकला वगळून जोडलेली वायर). सर्व्हिसला गेलो की मार्शलिंग पॅनलमध्ये (प्लांटमधल्या वायरी एकत्र येतात तिथे) लाल वायरचे तुकडे सापडतात. कुणी, कधी मारले, देव जाणे. किल्लीला निदान दिवा तरी असतो. ती काढून घेतलीत तर फोन वाढतील, बाकी काही नाही.

खरी गोची वेगळीच आहे. एकाच आरटीडीवर कंट्रोल आणि त्याच आरटीडीवर ट्रिप. तो खोटं वाचायला लागला की दोन्ही एकदम आंधळे. दुसरा बसवा म्हटलं की खर्च आठवतो.

दोन_रिअॅक्टर
आमच्याकडे केमिस्टही मीच, मालकही मीच. किल्ली माझ्याकडून काढून माझ्याकडेच देऊ का? :)

चिल्ड_ब्राइन
@दोन_रिअॅक्टर, तुमच्यासाठी स्वस्तातला उपाय आहे. डोझिंगच्या लाइनमध्ये बारीक भोकाची ऑरिफिस प्लेट टाका. व्हॉल्व्ह सताड उघडा राहिला तरी कूलिंगला झेपेल त्यापेक्षा जास्त अॅसिड पडणार नाही. अॅजिटेटर थांबल्यावर मात्र तिचा उपयोग नाही, तिथे इंटरलॉकच हवा.

@लूप_चेक, फोर्सचं मान्य. फोर्स मारला की पॅनलवर अलार्म आलाच पाहिजे आणि शिफ्ट संपली की तो आपोआप निघाला पाहिजे. प्रोग्रॅममध्ये हे करता येतं, कुणी मागत नाही एवढंच.

@शिफ्ट_बी, तापमानाच्या खोट्या ट्रिपवर चर्चा करू. अॅजिटेटर-डोझिंगवर नाही. तिथे डोझिंग थांबलं तर बॅच लांबते, इतकंच.

शिफ्ट_बी
आणखी अलार्म? वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत १९९४ साली स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांना २७५ अलार्म आले होते. त्यात तुमचा फोर्सचा अलार्म कोण वाचणार?

अॅजिटेटरचा मुद्दा सोडला, तो इंटरलॉक कुणीच बायपास करू नये. पण अॅजिटेटर अर्ध्या डोझिंगला बंद पडला तर पुढे काय? लगेच चालू करायचा, मास कोल्ड करायचा की क्वेंचमध्ये (रिअॅक्शन विझवायच्या टाकीत) सोडायचा? आमच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) एकच ओळ आहे, "शिफ्ट इन्चार्जला कळवा". शिफ्ट इन्चार्ज मीच. ते पान लिहून आणा, किल्ली घेऊन जा.